कागदावरचा प्रसाद

हणमंत हवालदार घरात शिरला की घर आपोआप लहान वाटायला लागायचं. माणूस आडवा-उभा तर होताच, पण आवाज असा की उणकलच्या तळ्यापलीकडे धुणं धुणाऱ्या बाईनंही मागं वळून बघावं. पलटणीतून घरी येऊन बरीच वर्षं झाली, सवय मात्र सुटली नाही. आता तो रोज सकाळी तळ्याच्या बांधावर गल्लीतल्या पोरांना पळवायचा, जोर काढायला लावायचा, आणि त्यातलं एखादं पोर सैन्यात भरती झालं की स्वतःच्या लेकाचं लग्न ठरल्यासारखा दारोदार सांगत सुटायचा.

"वहिनी, चहा नको! आज तोंड गोड करा," तो उंबऱ्यावरूनच ओरडला. "तुमचा प्रसाद पळण्यात पहिला, लेखी पास, डॉक्टरी तपासणी पास. आता राहिले नुसते कागद."

इंदुमती भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानंच ती बाहेर आली. तिचा नवरा दत्तात्रय दुकानातून जेवायला आला होता. हुबळीच्या दुर्गद बैल या बाजारपेठेत त्याचं कुंकू-कापूर-उदबत्तीचं दुकान. आज्याचा आजा कधीतरी मिरजेकडून आला आणि इथलाच झाला. गिऱ्हाइकाशी कन्नडात, बायकोशी मराठीत आणि रागात दोन्हीत बोलणारा हा गृहस्थ आज मात्र काहीच न बोलता नुसता हसत बसला होता. आणि त्यांचं एकुलतं एक पोरगं खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होतं. कागदावर त्याचं नाव प्रसाद. घरात धोंडू.

हवालदारानं कागद पसरला. "हे बघा, अठराच्या आतला पोरगा असला की आईबापाची संमती लागते. सरकारचा नियम आहे. याला अठरा भरायला ऑगस्ट उजाडणार, तोवर कोण थांबतंय? साडेसतरा पूर्ण असली की घेतात. अप्पांनी, बाप म्हणून, इथं सही करायची, वहिनींनी इथं." मग त्यानं पोराची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. "आणि ओळखीची खूण लिहायची आहे. नाकावर हा टोचल्याचा डाग कसला रे? चमकी घालत होतास की काय?"

दत्तात्रय एकदम खोकला. पोरगं लाजलं. "लहानपणी टोचलंय," ते म्हणालं. "का, ते मला काय ठाऊक."

दत्तात्रयनं सही ठोकली, झोकात. पेन इंदुमतीकडं आलं. तिनं हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. कागदावर वाकली. 'माझा मुलगा प्रसाद दत्तात्रय हेर्लेकर' इथपर्यंत वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"आज नको," ती म्हणाली. "आज अमावास्या आहे."

यावर त्या घरात कोणी वाद घालत नसे. गोळीबारातून परत आलेला हवालदारही घालत नसे. "मग उद्या द्या की," असं म्हणून तो पोराला घेऊन निघून गेला. खरं म्हणजे अमावास्या दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती, आणि कॅलेंडर समोर भिंतीवरच टांगलेलं होतं. पण बाईमाणसानं तिथीचं सांगितलं तर उठून खात्री कोण करतो?

दत्तात्रय मात्र बायकोला ओळखून होता. "इंदू," तो हळू आवाजात म्हणाला, "आता काय काढलंस?"

"मी काढलं नाही. ते होतंच."

काय होतं ते आता सांगायला हवं, नाहीतर या बाईला उगीच कोणी खुळी म्हणायचं.

इंदुमतीला पहिला मुलगा झाला तो हुबळीच्या दवाखान्यात. दवाखान्यातूनच जन्माची नोंद झाली, दाखल्यावर नाव पडलं प्रसाद. गोरापान, गुटगुटीत पोर. चार महिन्यांचा असताना ती त्याला घेऊन कलघटगीला माहेरी गेली आणि तिथं तापानं तीन दिवसांत तो गेला. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत. तिच्या वडिलांनी शेताच्या बांधाला, बाभळीखाली, त्याला पुरलं. नोंद? त्या दिवशी कोणाला नोंद सुचणार होती? कोणी कुठं गेलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही.

मग वर्ष सरायच्या आत तिला पुन्हा दिवस गेले, आणि या खेपेला सासूनं सगळा कारभार हातात घेतला. आधीचं मूल गेलेलं असलं की पुढच्याचं कौतुक करायचं नसतं. त्याला दगड-धोंडा म्हणायचं, म्हणजे नेणाऱ्याला वाटावं, यात नेण्यासारखं काही नाही. बाळंतपण कलघटगीत घरच्या घरीच झालं. बारसं नाही, पेढे नाहीत. मुलाला सुपातल्या कोंड्यात लोळवलं, उजवं नाक टोचलं आणि धोंडिबा म्हणून हाक मारली. आणि सासूनं बजावलं, याचं नाव कुठंही लिहायचं नाही. लिहिलं की वाचलं जातं. इंदुमतीला ते पटलं होतं असं नाही. पण एक पोर मातीत ठेवून आलेली बाई पटलं-न पटलं बघत नाही. भीतीपोटी ती गप्प बसली, आणि धोंडू जगला.

जगला तो असा की चौथ्या वर्षीच सहा वर्षांचा दिसायला लागला. दिवसभर दुकानात कापराच्या वड्या उधळायचा. दत्तात्रय वैतागून त्याला शाळेत घालायला घेऊन गेला तर मास्तरांनी जन्माचा दाखला मागितला. घरात दाखला एकच होता. दत्तात्रयनं तोच नेऊन दिला. मास्तर पोराकडं बघून म्हणाले, छान, वयाला साजेसा आहे! आणि प्रसाद दत्तात्रय हेर्लेकर पहिलीत बसला.

इंदुमती त्या दिवशी नवऱ्यावर खूप चिडली होती. पण जून जाऊन मार्च आला, आणि प्रगतिपुस्तकावर तिनं वाचलं: प्रसाद, उत्तीर्ण. तिनं ते देवापुढं ठेवलं आणि पदर तोंडात धरून रडली. तेव्हापासून दरवर्षी ती मनाशी म्हणायची, माझा प्रसाद तिसरीत गेला. माझा प्रसाद सातवीत गेला. वेडेपणा होता, तिला कळत होतं. पण बांधाला पुरलेलं तिचं पोर कुठंतरी वर्गात बसतंय, पाढे म्हणतंय, मोठं होतंय, एवढं सुख तिला हवं होतं. धोंडू ताटावर बसून जेवायचा आणि प्रसाद कागदावर वाढायचा. तिला दोघंही लागायचे.

"कागदाप्रमाणं साडेसतरा उलटून गेलीत," दत्तात्रय आता समजावत होता. "कोण विचारणार आहे? अगं, पोरगं घोड्यासारखं पळतंय. सोळा काय आणि सतरा काय!"

"तुमच्या कुंकवात कोणी रंग मिसळला तर तुम्ही म्हणाल का, लाल ते लालच?"

"अय्यो! कुंकवाचं काय मध्येच?"

"सोळा वर्षं आणि सहा महिने आहे तो. अजून रात्री चादर लाथाडतो. त्याच्या हातात बंदूक द्यायची आणि माझी सही घ्यायची की हा साडेसतरा पूर्ण आहे?" तिचा आवाज चढला नाही, पण कापला. "आणि दुसरं ऐका. उद्या देव करो आणि काही न होवो, पण काही झालंच तर माणसं दारात येऊन काय सांगतील? तुमचा प्रसाद गेला म्हणून. एकदा ऐकलंय मी ते. दुसऱ्यांदा नाही ऐकायचं."

दत्तात्रयनं ताट बाजूला सारलं. चांगला माणूस होता तो, फक्त मागचं उकरायला घाबरायचा. "मग सगळं नीट करायचं म्हटलं तर काय काय करावं लागेल, माहीत आहे तुला?" तो शेवटी म्हणाला. "आधी त्याची नोंद करावी लागेल. तो गेल्याची. प्रसादची."

हे इंदुमतीला मघापासूनच माहीत होतं. म्हणूनच तर पेन खाली ठेवलं होतं. इकडं सही केली तर कोवळं पोर खोट्या वयानं सैन्यात जाणार, आणि नाही केली तर कागदावर वाढवलेलं दुसरं पोर आपल्याच तोंडानं मेलं म्हणून सांगावं लागणार. यातलं एकही तिला नको होतं.

ऊन उतरल्यावर ती गच्चीवर जुन्या धोतरावर वाळलेल्या कुरडया गोळा करायला गेली. मागोमाग धोंडूही वर आला. न सांगता धोतराचं दुसरं टोक धरून कुरडया डब्यात ओतायला लागला. तिथून तळं दिसत होतं, आणि त्याच्या कडेनं उठलेल्या नव्या इमारती.

"आई," तो म्हणाला, "अमावास्या परवाच झाली."

ती कुरडया ओतत राहिली.

"मी कॅलेंडर बघतो. पहिल्यापासून बघतो." त्यानं एक तुटकी कुरडई तोंडात टाकली. "शाळेत माझा वाढदिवस ऑगस्टात. त्या दिवशी तू शिरा करून देवापुढं ठेवतेस, पण मला ओवाळत नाहीस. मला ओवाळतेस कार्तिकात. विचारलं की म्हणायचीस, ती तारीख आणि ही तिथी. सातवीत असताना मी बसून मोजलं. तिथी-तारखेत थोडे दिवस इकडं-तिकडं होतात, आई. तीन-तीन महिने होत नाहीत."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"भीती वाटली." तो तळ्याकडं बघत बोलत होता. "मला वाटलं, तुम्ही मला कुठूनतरी आणलंय. ऑगस्ट ही खरी आईची तारीख आणि कार्तिक म्हणजे तुम्ही घरी आणलं तो दिवस. मी आरशात अप्पांचं नाक शोधायचो. सापडायचं नाही. म्हणून म्हटलं, लवकर कुठंतरी लागावं. दुसऱ्याच्या घरचं किती दिवस खायचं?"

इंदुमतीच्या हातातला डबा खाली आला आणि कुरडया गच्चीभर पसरल्या. तिनं त्याच्या पाठीत असा एक धपाटा घातला की तो कठड्यापर्यंत गेला. "अरे गाढवा! दुसऱ्याचं घर म्हणे! दीड दिवस कळा सोसल्यात तुझ्यासाठी मी! नाक माझ्या बापाचं आहे तुझं, अप्पांचं कशाला शोधतोस?" आणि मग ती त्याच गच्चीवर, कुरडयांच्या मधोमध बसून इतकी रडली की पोरगं घाबरून गेलं.

रडून झाल्यावर तिनं सगळं सांगितलं. दवाखाना, ताप, बाभळ, कोंडा, टोचलेलं नाक, मास्तर. काही राखून ठेवलं नाही. धोंडू गुडघ्यांना मिठी मारून ऐकत राहिला.

"कसा होता?" त्यानं विचारलं.

"गोरा. तुझ्यासारखा काळा नव्हे." ती नाक पुसत हसली. "छताच्या पंख्याकडं बघून हसायचा."

"म्हणजे दहावी तो पास झाला."

"तू झालास रे."

"कागदावर तो झाला." जरा वेळानं त्याचा स्वर बदलला. "पण आई, मी दोन वर्षं पळलोय. पाय सोलून निघालेत माझे. आता माझा नंबर लागला, आणि तू सही करणार नाहीस?"

"नाही करणार."

"फक्त वयासाठी?"

"तुझ्या वयासाठी आणि त्याच्या नावासाठी. तू जा सैन्यात, मी अडवणार नाही. पण स्वतःच्या वयानं जा. भावाचं वय उसनं घेऊन नको." एवढं बोलून ती कुरडया वेचायला लागली. पोरगं धाडधाड जिना उतरून गेलं. जेवणाच्या वेळेलाही ते कोणाशी बोललं नाही, आणि तिनंही त्याची समजूत काढायचं टाळलं.

सकाळी बांधावर जाऊन धोंडूनं स्वतःच हवालदाराला कागद परत दिला आणि खरं काय ते सांगितलं. हणमंत आधी भडकला. तळ्यावरची बदकं उडाली म्हणे, असा ओरडला. खोटं वय लावून शिरलेला पोरगा पुढं सापडला तर नोकरी जाते, वर गुन्हा होतो, आणि शिकवणाऱ्याच्या तोंडाला काळं लागतं ते वेगळंच. मग पोरांना न पळवताच तो घरी निघून गेला. संध्याकाळी तो इंदुमतीच्या दारात आला तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदाच घरात मावला.

"वहिनी, मी सोळाचं पोर धाडणार होतो," तो म्हणाला. "आमच्या तुकडीत होतं एक असंच. वय चढवून आलेलं. पहिल्या बर्फात आई-आई करायला लागलं. आम्ही हसलो त्याला." त्यानं चपला काढून उंबऱ्याशी नीट लावल्या. "नियम करणारे काय खुळे नव्हते. करा नीट कागद. पोरगं पुढच्या भरतीला माझ्याकडून जाईल. तळं कुठं पळून जात नाही."

कागद नीट करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. सप्तापूरच्या एका वकिलांनी केस घेतली. कोर्ट झालं, साक्ष झाली, कलघटगीची म्हातारी सुईण काठी टेकत आली आणि न्यायाधीशांना म्हणाली, पोरगं माझ्याच हातावर पडलंय, आता काय नाक टोचल्याची भोकं मोजणार आहात काय. दत्तात्रय तारखेगणिक कुरकुरायचा, पण एकही तारीख त्यानं चुकवली नाही. दुकान बंद ठेवून यायचा. धोंडू रोज सकाळी पळायचाच. आईशी पहिले काही दिवस तुटक बोलायचा, मग एकदा रात्री चादर लाथाडून झोपलेला असताना तिनं ती नेहमीसारखी पांघरली, तर डोळे मिटूनच म्हणाला, "जागा आहे मी." त्यानंतर तो राग गेला.

हुकूम हातात आला तोवर कार्तिक उलटून गेला होता. तिघंही बसनं कलघटगीला गेले. त्या दिवशी आठवडी बाजार होता, जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या दारापर्यंत मिरच्यांची पोती आली होती. आत खिडकीमागं श्यामला नावाची तरुण बाई बसली होती. तिनं कागद उलटेपालटे केले आणि कन्नडात विचारायला सुरुवात केली.

"मृताचं नाव?"

इंदुमतीनं वाटेत मनाशी पन्नास वेळा घोकलं होतं. दत्तात्रय सांगायला पुढं झाला, तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"प्रसाद," ती म्हणाली. "प्रसाद दत्तात्रय हेर्लेकर."

"वय?"

"चार महिने."

श्यामलाची बोटं थबकली. तिनं वर बघितलं. "एवढी वर्षं का नाही सांगितलं, अक्का?"

"सांगवलं नाही," इंदुमती मराठीतच म्हणाली. त्या मुलीला मराठी किती कळत होतं कोण जाणे, पण तिनं पुढं काही विचारलं नाही. यंत्रातून कागद निघाला. इंदुमतीनं तो दोन्ही हातांनी घेतला. तिसरीत गेलेला, सातवीत गेलेला, दहावी पास झालेला तिचा प्रसाद पुन्हा चार महिन्यांचा झाला होता. तिला फार वाईट वाटलं. आणि तो पहिल्यांदाच पूर्ण आपला झाला, असंही वाटलं.

"आता जन्माची नोंद," श्यामला म्हणाली. "कोर्टानं तारीख दिली आहे, नाव मोकळं सोडलंय. प्रसादच लिहू ना? शाळेचे कागद जुळवायला सोपं जाईल."

"हो, तेच लिहा," दत्तात्रय घाईनं म्हणाला.

"नको." धोंडू खिडकीशी वाकला. "धोंडिबा लिहा. धोंडिबा दत्तात्रय हेर्लेकर."

श्यामला हसली. "याके, कशाला? आजकाल कोण ठेवतंय असलं नाव? पोरं चिडवतील की."

"चिडवू देत." तो आईकडं न बघता म्हणाला. "प्रसाद हे दादाचं नाव आहे. बारा वर्षं वापरलं मी. आता त्याचं त्याला राहू द्या."

दत्तात्रयनं कपाळाला हात लावला. "म्हणजे दहावीच्या कागदावर आता नावही बदलायचं! पुन्हा तो वकील आणि पुन्हा त्या तारखा!" असं म्हणता म्हणता त्याचे डोळे भरून आले आणि तो मिरच्यांच्या नावानं बोटं मोडत बाहेर निघून गेला.

श्यामलानं दोन कागद खिडकीतून पुढं सरकवले. एक मृत्यूचा, एक जन्माचा. "आई म्हणून सही. इथं, आणि इथं."

जे नाव कुठं लिहू नये म्हणून सासूनं बजावलं होतं ते समोर ठळक अक्षरात छापलेलं होतं. धोंडिबा. आणि ते पोर शेजारी उभं होतं, धडधाकट, तिच्यापेक्षा हातभर उंच. इंदुमतीनं पेन उचललं.

"आई," धोंडू तिच्या कानाशी म्हणाला, "आज अमावास्या नाही ना? बघून घे."

"तू बघतोस की कॅलेंडर," ती म्हणाली. आधी तिनं प्रसादच्या कागदावर सही केली, मग धोंडिबाच्या.